मदत हवी आहे: तळ्यात मोरचूद टाकू द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यातलं आमचं गाव. देवळाखाली जुनं तळं आहे. धामापूरसारखं नावाजलेलं नाही (ते १५३० सालचं, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत गेलं), पण वाडीतल्या विहिरी मे सरेपर्यंत तग धरतात त्या आमच्या तळ्याच्याच जिवावर. खालच्या मळ्यात वायंगण (उन्हाळी भात) होतं तेही त्यामुळेच.

आठवडाभर पाणी हिरवंगार झालंय. काठी बुडवली तर शेवाळाचे धागे येत नाहीत, हिरवा ऑइलपेंट लागल्यासारखी काठी वर येते. परवा पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते, उजाडल्यावर काठाला मेलेल्या माशांचा खच.

निर्माल्य पिशवीसकट पडतं, पायऱ्यांवर साबणपावडर वाहते, हे जुनंच. नवीन म्हणजे वरच्या अंगाला झालेले तीन होमस्टे. त्यांचे शोषखड्डे कातळात खणलेत, आणि जांभा म्हणजे चाळणी. (त्यातला एक काकांचा आहे, म्हणून जपून लिहितोय.)

रविवारी देवळात बैठक आहे. जाणती मंडळी म्हणतात, "मोरचूद घाला, दोन दिसांत साफ जातला." पोफळीवर बोर्डो (बुरशीनाशक) मारायला ते घरोघरी असतंच. टाकू द्यावं का? आणि विहिरींचं पाणी प्यावं का?

पाणकोंबडी: मोरचूद अजिबात नको. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि राहिलेले मासे जातात. मोरचुदातलं तांबं गाळात बसतं ते वेगळंच. तुमच्या वर्णनावरून ही नीलहरित शेवाळं दिसतात. त्यातल्या काहींच्या पेशींत विष असतं, पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं आणि उकळून जात नाही. गुरांना तिथे पाजू नका, पोरांना पोहू देऊ नका. मेलेले मासे लांब पुरा.
मासे पहाटेच का मरतात? रात्री शेवाळही प्राणवायू खातं. पंप असेल तर रात्री उशिरापासून उजाडेपर्यंत तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडा. तात्पुरता उपाय आहे, पण मासे वाचतील.

कातळसडा: विहिरींचं पाणी ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि ई-कोलाय (मैल्यातला जंतू) मुळीच नको. अहवाल येईपर्यंत प्यायला दुसरीकडचं आणा. ई-कोलाय निघाला तर बोट शोषखड्ड्याकडेच जाणार, तेव्हा काकांना आधीच कल्पना द्या.

धागाकर्ता: दोघांचे आभार. पंप मिळतोय. नमुने सोमवारी जातील. मोरचुदाचं बैठकीत मी बोलतो. शोषखड्ड्याचा विषय कोणी काढायचा यावर घरात कालपासून अबोला आहे.