सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे पावणेसहाचा फॉरवर्ड

बी-१०४: '१९७१ ला लाहोरपर्यंत का गेलो नाही' हे फॉरवर्ड करून पहाटे पावणेसहाला कळवायलाच हवं होतं का? रात्रपाळी करून आत्ता कुठे आडवी झाले होते.

ए-५०२: सॉरी ताई. पण मुद्दा खरा आहे. १९७१ ला ९३ हजार कैदी हातात, आणि पश्चिमेला आपण थांबलो!

सी-३०१: झालं सुरू. कर्नल काकांना उठवा कोणीतरी 😄

कर्नल काका: उठलोय. उद्दिष्ट पूर्वेकडचं होतं. १६ डिसेंबरला ढाका पडलं, १७ ला रात्री आठपासून पश्चिमेला युद्धबंदी. ठरलं ते साधलं, थांबलो. न थांबल्यावर काय होतं ते मॅकआर्थरला विचारा.

ए-५०२: आणि काश्मीरमधली हाजी पीर खिंड?

सी-३०१: मॅकआर्थर कुठल्या विंगचे?

कर्नल काका: अमेरिकेचा सेनापती. कोरिया, १९५०. उत्तर कोरियाच्या फौजेला ३८ व्या अक्षांशामागे रेटलं, काम तिथेच संपत होतं. पण इंचॉनला शत्रूच्या पिछाडीला फौज उतरवली, ते यश डोक्यात गेलं, वॉशिंग्टननेही मान डोलावली, फौजा निघाल्या चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे. चीन उतरला. जानेवारीत दक्षिणेची राजधानी सोल पुन्हा गेली. १९५३ ला थांबले तेव्हा रेघ जवळपास तिथेच!

ए-५०२: काका, हाजी पीर. १९६५ ला जिंकलं, ताश्कंद करारात सोडलं.

कर्नल काका: ते वाटाघाटीच्या टेबलावर गेलं. सैन्याच्या नावावर मांडू नका.

सेक्रेटरी: 🙏 ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. बालाकोटच्या वेळचं आठवतंय ना? दोन घरं अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

डी-२०२: मग रोजचे सुविचार कुठल्या सूचनेत बसतात?

ए-५०२: कारगिलला ताबारेषा ओलांडायची नाही म्हणून जवान समोरून चढले. मर्यादित उद्दिष्ट दिल्लीचं, जीव त्यांचा.

सी-३०१: काका दहा मिनिटं टाइप करताहेत…

कर्नल काका: हे मात्र खरं बोललास. पलीकडून रसद तोडणं सोपं गेलं असतं. ते नाही म्हटल्यावर रात्री दोर लावून कडे चढायचे, वरून मशिनगन. पाचशेवर पोरं गेली. पण अण्वस्त्रं दोन्हीकडे होती, आणि जग आपल्या बाजूला राहिलं ते रेषा पाळली म्हणूनच. सेनापतीने सरकारला तोंडावर सांगायचं असतं, एवढं साधेल, एवढे जातील. नुसतं 'जी सर' नाही.

बी-१०४: झोप गेलीच आहे. त्या मॅकआर्थरचं पुढे काय झालं?

कर्नल काका: एप्रिल १९५१ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने घरी पाठवलं. जाहीर वाद घालत होता.

ए-५०२: हाजी पीरचं उत्तर राहिलं.

(आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात)

सेक्रेटरी: 🌹 सुप्रभात 🌹