व्हिएतनामला चीन-रशियाने खरंच साथ दिली, की आपापलं साधून घेतलं?

रानफूल

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही घरचे सगळे हनोईला जाऊन आलो. तिथे न्गोक हा म्हणून जुनी वस्ती आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, आणि त्या गल्ल्यांच्या मधोमध एक छोटं तळं आहे. हिरवं शेवाळलेलं पाणी आणि त्यात अमेरिकन बी-५२ विमानाचा मोडका सांगाडा, डिसेंबर १९७२ मध्ये पाडलेला, अजून तसाच अर्धा बुडून पडलाय. काठावर एक आजी पालेभाजी निवडत बसल्या होत्या, त्यांच्यासाठी ते रोजचंच. माझी आई मात्र तिथून हलेचना.

गाइडला विचारलं की पाडलं कशाने, तर म्हणाला रशियन मिसाइलने. मी सहज म्हटलं, म्हणजे रशिया आणि चीन पाठीशी होते म्हणून तुम्ही जिंकलात ना? तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, शस्त्रं त्यांनी दिली हो, पण टेबलावर बसले की आमचं काय ते परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. आणि त्याचा मामा युद्धात गेला तो अमेरिकेशी लढताना नाही, तर चीनशी लढताना, १९७९ साली चीनच्या सरहद्दीजवळच्या लांग सोनला. मला तर असं काही युद्ध झालं हेच माहीत नव्हतं, शाळेत कधी शिकवलंच नाही.

दोघंही कम्युनिस्ट, मग हे असं का झालं? कोणी नीट सांगेल का? आणि अजून एक, व्हिएतनामच्या परराष्ट्रमंत्री रायगडावरची माती घेऊन गेल्या वगैरे जो मेसेज फिरतो तो खरा आहे का? आईने गाइडला तेही विचारलं, त्याला काहीच कळलं नाही.

जुना_वाचक

रानफूल, तुमच्या गाइडने एका वाक्यात सगळं सांगितलंय. हा माझा फार जुना जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे प्रतिसाद लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात १९५४ पासून करायला लागते. ७ मे ला फ्रेंचांचं दिएन बिएन फू हे ठाणं पडलं, फ्रेंचांचं कंबरडं मोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचायनावर चर्चा सुरू झाली. म्हणजे रणांगण जिंकून आलेला माणूस टेबलावर बसलाय, त्याला वाटणारच की आता आपलं ऐकतील. व्हिएतनामच्या बाजूने बोलणी करणारे फाम वान डोंग यांची मागणी होती की देशाची तात्पुरती विभागणी करायचीच तर १३ व्या अक्षांशावर करा, नंतर ते १६ पर्यंत आले. पण चीनला कोरियाच्या युद्धातून नुकतंच बाहेर पडून श्वास घ्यायचा होता, अमेरिका परत आपल्या दाराशी येऊ नये हीच एक काळजी. रशियालाही युरोपात फ्रान्सशी जुळवून घ्यायचं होतं. जुलैच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय जिनिव्हाहून निघून चीनमध्ये ल्युचौ गावी आले आणि तिथे हो चि मिन्हना बोलावून समजूत काढली, की आता घ्या मिळतंय ते, दोन वर्षांत निवडणुका होतीलच. शेवटी रेघ पडली १७ व्या अक्षांशावर, उत्तर हनोईकडे आणि दक्षिण सायगावकडे. निवडणुका व्हायच्या होत्या १९५६ ला, त्या झाल्याच नाहीत. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे जानेवारी १९५७ मध्ये खुद्द रशियानेच संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला की दोन्ही व्हिएतनामना सभासद करून घ्या! ज्यांच्यासाठी देश एकच आहे त्यांना आपल्याच मित्राने सांगायचं की तुमचे दोन देश आहेत. हनोईने तेव्हाच गाठ बांधून ठेवली असणार.

आता १९७२. फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन माओंना भेटले. इकडे उत्तर व्हिएतनामवर युद्ध चालूच. मार्चअखेरीस हनोईने अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या दक्षिण व्हिएतनामवर मोठी चढाई केली, त्यावर ८ मे ला निक्सननी हायफाँग बंदरात सुरुंग पेरायचा हुकूम दिला, रशियाची मालवाहू जहाजं बंदरात अडकली. सगळ्यांना वाटलं आता मॉस्कोची शिखर परिषद मोडणार. नाही मोडली. दोन आठवड्यांत निक्सन मॉस्कोत, रशियाचे नेते ब्रेझनेव्हसोबत शस्त्रकपातीच्या करारावर सह्या. हनोईत बसलेल्यांना काय वाटलं असेल विचार करा. त्यांच्या न्हान झान या पक्षाच्या पेपरात ऑगस्टमध्ये अग्रलेख आला, कोणाचं नाव न घेता, की हे म्हणजे बुडत्या चाच्याला वाचवायला टायर फेकण्यासारखं आहे. ज्याला कळायचं त्याला कळलं. तुम्ही पाहिलंत ते विमान त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं, अकरा रात्री बॉम्ब पडत होते हनोई-हायफाँगवर, आणि त्यानंतर महिन्याभरात पॅरिसचा करार.

लोहमार्ग

जुना_वाचक, माहिती उत्तम, पण काका, चीनवर जरा अन्याय होतोय असं मला वाटतं. नुसत्या टेबलावरच्या गोष्टी बघून नाही चालणार, रुळावरच्याही बघा.

१९६५ पासून चीनने स्वतःची माणसं पाठवली, रेल्वेच्या तुकड्या, रस्ते बांधणारे, विमानविरोधी तोफांवरचे, आळीपाळीने मिळून ३ लाख २० हजार. १९६७ ला एका वेळी १ लाख ७० हजार तिथे होते. हजाराच्या वर मेले त्यातले, उत्तर व्हिएतनाममध्ये त्यांची स्मशानं आहेत. त्यांनी पूल बांधायचा, अमेरिकेने उडवायचा, परत बांधायचा, असं वर्षानुवर्षं. चिनी लोक तिथे होते म्हणून हनोईला आपलं सैन्य दक्षिणेत पाठवता आलं. आणि चीन तेव्हा स्वतः किती गरीब होता ते लक्षात घ्या.

मला रेल्वेचं वेड असल्याने यातला रेल्वेचा भाग मी बराच वाचलाय. व्हिएतनामची लाइन फ्रेंचांनी टाकलेली मीटर गेज आणि चीनची स्टँडर्ड, म्हणजे आपल्याकडे मिरजेला पूर्वी मीटर गेजच्या डब्यातून ब्रॉडगेजच्या डब्यात माल चढवायला हमालांची फौज लागायची तसाच प्रकार सरहद्दीवर. आज त्या मार्गावर तिसरा रूळ आहे म्हणून चिनी गाडी थेट हनोईजवळ जिया लामपर्यंत येते.

पण हेही सांगायला हवं, कारण ते खरं आहे. रशियाची बरीच शस्त्रं याच रेल्वेने चीनमधून यायची आणि तिथे चीन-रशियाचं भांडण व्हिएतनामच्या मुळावर यायचं. १९६५ मध्ये रशियाने विचारलं आमचे ४००० सैनिक तुमच्या रेल्वेने जाऊ द्या, कुनमिंगचा विमानतळ वापरू द्या. चीनने साफ नाही म्हणून सांगितलं. पुढे माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत तर ग्वांगशी प्रांतात रेड गार्ड या तरुणांच्या टोळ्यांनी व्हिएतनामला चाललेल्या गाड्याच लुटल्या, युद्धाचा माल काढून एकमेकांवर वापरला. १९६८ च्या जुलैत पेकिंगहून कडक हुकूम काढायला लागला त्यासाठी. म्हणजे ज्या ल्युचौचा तुम्ही उल्लेख केलात ना, तिथलाच हा सगळा भाग.

जुना_वाचक

लोहमार्ग, मान्य. चिनी माणसांनी रक्त सांडलं हे मी नाकारत नाही, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच की मदत पोटभर आणि अधिकार शून्य, असा तो व्यवहार होता. तुमचं शस्त्रांचं उदाहरण त्याच बाजूचं आहे. रशियाचे पंतप्रधान कोसिगिन फेब्रुवारी १९६५ मध्ये हनोईत होते, ते तिथे असतानाच अमेरिकेने डोंग होईवर बॉम्ब टाकले, तिथून परतताना ते माओंना भेटले की निदान व्हिएतनामसाठी तरी आपण भांडण मिटवू. माओ म्हणाले हा वाद दहा हजार वर्षं चालेल, तुम्ही एवढे आलात म्हणून हजार वर्षं कमी करतो. इकडे लोकांच्या डोक्यावर बॉम्ब पडतायत!

आता रानफूलचा मुख्य प्रश्न, १९७९. एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडली, सप्टेंबरात व्हिएतनामच्या पक्षाचे प्रमुख ले दुआन पेकिंगला गेले मदत मागायला. माओ म्हणाले, आज जगात सगळ्यात गरीब तुम्ही नाही, आम्ही आहोत. संयुक्त पत्रक न काढता आणि परतीची मेजवानी न देता ले दुआन निघून आले, आपल्याकडे सोयरिकीत जेवण न करता उठून जाण्यासारखंच ते. शिवाय १९७४ च्या जानेवारीतच चीनने पॅरासेल बेटं दक्षिण व्हिएतनामच्या हातून घेतलेली होती, ती परत मिळणार नाहीत हे कळून चुकलेलं.

आणि अमेरिका? निक्सननी फेब्रुवारी १९७३ मध्ये फाम वान डोंगना पत्र लिहून ३२५ कोटी डॉलर पुनर्बांधणीसाठी द्यायची भाषा केली होती. कार्टरच्या काळात, १९७७ ला संबंध जोडायची बोलणी सुरू झाली तेव्हा हनोई त्या पैशावर अडून बसली, तिकडे अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) एक पैसा द्यायला बंदी घातली. इथे मात्र हनोईचं चुकलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वर्षभराने अट सोडली तोवर कार्टरना चीन जास्त हवासा झाला होता. संबंध जुळायला थेट जुलै १९९५ उजाडलं.

मग उरला रशिया. जून १९७८ मध्ये व्हिएतनाम कोमेकॉन या रशियाच्या आर्थिक गटात गेला, जुलैत चीनने सगळी मदत तोडली, ३ नोव्हेंबरला मॉस्कोत मैत्री करार, डिसेंबरात व्हिएतनामचं सैन्य कंबोडियात, ७ जानेवारी १९७९ ला तिथली पोल पॉटची राजवट खलास. पोल पॉट चीनचा माणूस. चीनचे नेते डेंग शियाओपिंग आधी अमेरिकेला जाऊन कार्टरच्या कानावर घालून आले आणि १७ फेब्रुवारीला 'धडा शिकवायला' चीनचं सैन्य घुसलं. लांग सोन पार उद्ध्वस्त करून मार्चच्या मध्यात परत गेले. रशियाने जहाजं आणि शस्त्रं पाठवली पण चीनवर एक गोळी झाडली नाही. करारात लिहिलंच होतं की हल्ला झाला तर आपण सल्लामसलत करू! त्या बदल्यात व्हिएतनामचा काम रान्ह बे चा नाविक तळ मात्र त्यांनी वापरायला घेतला, तो रशियाने रिकामा केला २००२ मध्ये.

हे सगळं माझ्या एवढं लक्षात राहण्याचं कारण म्हणजे तेव्हा वाजपेयी आपले परराष्ट्रमंत्री होते आणि नेमके चीनच्या दौऱ्यावर होते, १९६२ नंतरची पहिलीच मोठी भेट. हल्ल्याची बातमी आली आणि दौरा आटोपता घेऊन ते परतले. मी तेव्हा कॉलेजात. वडील रेडिओजवळ उभे होते, बातम्या संपल्यावर म्हणाले, आपल्यालाही असाच धडा शिकवायला आले होते. दुसरं काही बोलले नाहीत त्या रात्री.

गडवाट

रायगडच्या मातीबद्दल. मी स्वतः गडांवर भटकणारा माणूस आहे, महाराजांवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. त्या मेसेजला आधार सापडत नाही. मी खूप शोधलं, व्हिएतनामच्या बाजूने असा एकही कागद माझ्या नजरेस आला नाही. महाराजांची थोरवी अशा मेसेजवर उभी नाही. आणि व्हिएतनामकडे स्वतःचे लोक आहेत की, तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारा त्रान हुंग दाओ, पंधराव्या शतकात मिंग सैन्याला हाकलून लावणारा ले लोई. हनोईच्या मधलं जे मोठं तळं आहे ना, होआन किएम, त्याची कासव आणि तलवारीची दंतकथा ले लोईचीच. रानफूलताई, तिथे गेलाच असाल.

रानफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. होआन किएमला गेलो होतो, लाल पुलावरून पलीकडच्या देवळातही गेलो, पण ले लोई कोण ते आज कळलं. आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिने विचारलं की मग आता त्यांचं चीनशी कसं आहे?

जुना_वाचक

आईंना सांगा, व्यवस्थित आहे पण दार अर्धंच उघडं. सप्टेंबर १९९० मध्ये चेंगदूला गुपचूप भेट झाली, नोव्हेंबर १९९१ ला संबंध पूर्ववत. रशियाची मदत आटत चालली होती, दुसरा इलाज नव्हता. पण आता त्यांचं लष्करी धोरण लिहून ठेवलेलं आहे, कोणाशी लष्करी युती नाही, एकाच्या बाजूने दुसऱ्याच्या विरोधात जायचं नाही, परकीय तळ नाही. २०२३ च्या सप्टेंबरात बायडेन हनोईला आले, डिसेंबरात शी जिनपिंग, आणि जून २०२४ मध्ये पुतिन. तिघांनाही लाल गालिचा, आणि बोलणी तिघांशीही हनोईतच, स्वतःच्या टेबलावर.

परत जाणं झालं तर लांग सोनला एक दिवस काढा. हनोईहून साधारण दीडशे किलोमीटर. आणि गाइडचा नंबर असेल तर त्याच्या मामाचं नाव नक्की विचारून घ्या, तिथल्या हुतात्मा स्मशानात शोधता येईल.