माटोळीची केळी एकदम पिकली, जॅम दोनदा फसला. काय चुकतंय?

मयेची_सून
नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मये गावात. गणपती पाच दिवसांचा. यंदा माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) केळ्यांचे तीन घड बांधले होते: दोन घरच्या सालदाटीचे आणि एक दिरांनी आणलेला रसबाळीचा. बांधताना तिन्ही हिरवेगार होते. विसर्जनानंतर माटोळी सोडली, शेजारीपाजारी फण्या वाटल्या, तरी दीड घड उरला आणि तो दोन दिवसांत सगळाच्या सगळा पिवळा झाला. शिकरण झालं, मुळीक झाले, सासूबाईंनी दोन वेळा हलवा केला. आता घरात कुणी केळ्याकडे बघत नाही.

जॅम करायचं कारण माझी लेक. ती पुण्यात हॉस्टेलवर राहते. सकाळी मेसमध्ये पावाचे तुकडे आणि पातळ लाल जॅम मिळतो, त्याला कसलीच चव नाही म्हणते. चवथीला आली होती तेव्हा जाताना सांगून गेली, "आई, केळ्याचा जॅम करून पाठव, हलवा नको, पावावर लावता आला पाहिजे." दिरांचा मुलगा येत्या रविवारी रात्रीच्या बसने पुण्याला जातोय, त्याच्यासोबत पाठवायचाय. तिच्या खोलीत फ्रीज नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

दोनदा केला, दोन्ही वेळा फसला.

पहिली खेप चवथीच्या आधीची, बाजारातून आणलेल्या केळ्यांची. एक किलो गर, एक किलो साखर, बाकी काही नाही. गरम असताना सुरेख दिसत होता. चौथ्या दिवशी बाटलीत चमचा घातला तर खडीसाखरेसारखे कण दातांखाली आले. आठवड्यात अर्धी बाटली दगड झाली.

दुसरी खेप केली तेव्हा वाटलं, साखर जास्त झाली होती. म्हणून एक किलो गराला 300 ग्रॅम साखर घेतली आणि उतरवताना अर्ध लिंबू पिळलं. चव छान आली, केळ्याची आली. पण रंग काळपट, शेणासारखा म्हणा, आणि आठव्या दिवशी वर पांढरी बुरशी. सगळा टाकावा लागला. देवाच्या माटोळीची केळी होती, फार वाईट वाटलं.

हेही सांगते, कदाचित उपयोग होईल: केळी संध्याकाळी सोलून कुस्करून ठेवली होती आणि रात्री जेवणं आटोपल्यावर लोखंडी कढईत शिजवली. आमच्याकडे जाड बुडाची तेवढीच मोठी कढई आहे.

अजून साधारण तीन किलो केळी शिल्लक आहेत, सालीवर काळे ठिपके आलेत. कुणी नीट प्रमाण सांगेल का? आणि फ्रीजशिवाय टिकेल असा जॅम होतो तरी का?

कुळागर_सावईवेरे
वहिनी, जॅमचं मला फारसं कळत नाही, केळ्याचं कळतं. ठिपके आलेली केळी जॅमला उत्तम, आणखी एक दिवस थांबलात तरी चालेल. केळं अर्धकच्चं असलं की त्यात पिठूळ अंश राहतो, शिजवल्यावर खळीसारखा लगदा होतो आणि जिभेला तुरट लागतो. पिकत जातं तसं त्या पिठाची साखर होते. फक्त देठापाशी मऊ पडून पाणी सुटलेलं आणि आंबूस वास येणारं केळं घेऊ नका, ते गुरांना घाला.

रसबाळी मात्र जॅमात घालू नका, ती खायची. साल पातळ, गर नाजूक, तिची मजा हातात धरून खाण्यात. सालदाटीचा गर घट्ट असतो, तो शिजवायला बरा.

पुढच्या वर्षी माटोळीला तीनही घड एकाच वेळचे बांधू नका. एक तयार आणि दोन कोवळे. माझ्या वडिलांनी हेच केलं, मीही हेच करतो. कोवळा घड नंतर आठ-दहा दिवस पुरतो.

फळप्रक्रिया_फोंडा
ताई, मी अकरा वर्षं फळप्रक्रियेच्या कामात होते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. तुमच्या दोन्ही खेपांनी काय चुकलं ते तुम्हीच इतकं नीट सांगितलंय की मला अंदाज करावा लागत नाही.

केळं आंबट फळ नाही, सगळ्याचं मूळ तिथं आहे. आंबा, अननस, करमल यांच्यात स्वतःचा आंबटपणा असतो. पिकलेल्या केळ्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितकं आंबट), साधारण 4.5 ते 5.2 असतो. जॅममध्ये आंबटपणाची तीन कामं असतात. एक, टिकण्याचं. दुसरं, पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, धरायला मदत करण्याचं. तिसरं लोकांना माहीत नसतं: आंबट घालून साखर उकळली की तिचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि मग उरलेल्या साखरेला पुन्हा कण धरायला जमत नाही. तुमच्या पहिल्या खेपेत आंबट काहीच नव्हतं आणि साखर भरपूर, म्हणून खडीसाखर झाली. लिंबू शेवटी पिळून हे काम होत नाही, ते सुरुवातीलाच घालायला हवं.

दुसरी खेप बुरशीने गेली ती साखर कमी पडल्यामुळे. जॅममध्ये एकूण विद्राव्य घटक, म्हणजे विरघळलेली साखर वगैरे, 65 ते 68 टक्के असले की बुरशीला लागणारं पाणी उरत नाही. हिशोब बघा. एक किलो केळ्याच्या गरात स्वतःचे घटक साधारण 240 ग्रॅम. तुमची साखर 300. झाले 540. तो 800 ग्रॅमपर्यंत आटवला असता तर टिकला असता, पण तोवर हलवा झाला असता. तुम्ही पावाला लावण्याइतका पातळ ठेवलात, म्हणजे निम्मं पाणी आत राहिलं.

काळा रंग दोन गोष्टींनी आला. सोललेलं केळं हवेला लागलं की काळवंडतं, तुम्ही ते तीन-चार तास ठेवलंत. आणि केळ्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळंच होणार. स्टीलचा जाड बुडाचा टोप घ्या. पितळ किंवा तांबं असेल तर आतून कल्हई शाबूत असली पाहिजे, आंबट पदार्थ उघड्या तांब्यात नको.

आता प्रमाण. साल काढलेला गर 1 किलो, साखर 700 ग्रॅम, लिंबाचा रस 80 मिली (मध्यम लिंबं पाच-सहा लागतील), मीठ एक चिमूट. पाणी अजिबात नाही. टोपात आधी लिंबाचा रस घ्या, त्यावर केळं सोलायचं आणि लगेच त्यातच कुस्करायचं. सोलून ढीग करू नका. साखर घालून दहा मिनिटं ठेवा, रस सुटेल. मग मध्यम आचेवर, सतत ढवळत.

उतरवायचं कधी, यात बहुतेक लोक चुकतात. केळ्याचा जॅम गरम असताना पातळच दिसतो, म्हणून लोक जास्त आटवतात. बशीवर थेंब टाकून बघण्यापेक्षा वजन करा. रिकाम्या टोपाचं वजन आधी लिहून ठेवा. वर दिलेल्या प्रमाणात आतला जॅम 1 किलो 400 ग्रॅमवर आला की झाला. काट्यावर लाकडी फळी ठेवून तिच्यावर टोप ठेवायचा. थर्मामीटर असेल तर 105 अंश, पण केळ्याच्या घट्ट गरात तो नीट सांगत नाही, मी वजनावरच विश्वास ठेवते.

आंब्याच्या जेलीसारखं थरथरणं याला येणार नाही. तो लोण्यासारखा पसरतो, तसाच असावा.

लहान बाटल्या घ्या, 200 ग्रॅमच्या. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण कोरड्या करा. जॅम कडकडीत गरम असतानाच काठोकाठ भरा, झाकण लावा, पाच मिनिटं उलट्या ठेवा. न उघडलेली बाटली खोलीत राहील. उघडलेली दहा दिवसांत संपवायची, कोरडा चमचा. म्हणून तर लहान बाटली म्हटलं: मुलीच्या मैत्रिणी असतीलच, एक बाटली आठवड्यात जाईल.

बार्देसकार
वरच्या ताईंनी जॅमचं सगळं सांगितलं, त्यात भर घालायला काही नाही. पण फ्रीजशिवाय आणि बसच्या प्रवासात पाठवायचं म्हणताय, तर फिगादचा, म्हणजे केळ्याच्या आटवलेल्या वड्यांचा, विचार करा. आमच्याकडे बार्देसात, मोयऱ्याच्या मिंडोळी केळ्यांचं करतात. तीच मोठी केळी, ज्यांना जीआय मानांकन मिळालंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात. पोर्तुगीज केळ्याला अंजीरच म्हणायचे, 'फिगो', त्यावरून फिगाद. पेरूचं तसं पेराद.

साखर जॅमपेक्षा कमी, किलोला 500 ग्रॅम पुरते, लिंबू तेवढंच. पण दीड-दोन तास ढवळत बसावं लागतं. आधी पिवळसर, मग हळूहळू तांबूस, शेवटी गडद विटकरी. हा रंग करपल्याचा नव्हे, केळ्यातलंच काही आंबटात शिजून लाल होतं. डवली फिरवली की गोळा टोपाची कड सोडतो, तेव्हा तूप लावलेल्या ताटात थापायचा, दुसऱ्या दिवशी वड्या. डब्यात बटरपेपर घालून ठेवलं की माझ्याकडे तीन आठवडे आरामात राहतं, पावसाळ्यातसुद्धा. माझी आजी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, सामानात ठेवायची.

एक सावधगिरी सांगतो, मनापासून. शेवटच्या टप्प्यात गर फटफट उडतो आणि चिकटतो. माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे, वीस वर्षं झाली. लांब दांड्याची डवली घ्या आणि हाताला कापड गुंडाळा. मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नका.

मयेची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवारी केला, आत्ता बाटल्या समोर आहेत म्हणून लगेच लिहिते.

तीन किलो केळ्यांचा गर 1 किलो 900 भरला, बाकी सालीत गेलं. एक किलोचा जॅम आणि उरलेल्याचं फिगाद असं ठरवलं. स्टीलचा टोप जाऊबाईंकडून आणला, वजन 1 किलो 120. वाण्याचा जुना काटा शेजारी होता, तो मागून आणला. सासूबाई म्हणाल्या, जॅम कुणी काट्यावर करतं का? मीही आजवर अंदाजानेच केलं होतं. पण पहिल्यांदा तोलला तेव्हा आत 1 किलो 580 होता आणि दिसायला अगदी तयार. काटा नसता तर तिथंच उतरवला असता. पुन्हा पंधरा मिनिटं ढवळला आणि 1 किलो 410 ला गॅस बंद केला. एकूण चाळीस मिनिटं लागली.

रंगाचं काय सांगू. लिंबाच्या रसातच सोललं, तर शिजेपर्यंत पिवळा राहिला आणि शेवटी मधासारखा झाला, किंचित गुलाबी झाक. सहा बाटल्या भरल्या. सातवी अर्धी भरली ती घरी ठेवली. सकाळी पोदेर (पाववाला) आला तेव्हा ताजी पोई घेतली, तिच्यावर लावून सगळ्यांनी खाल्ला. धाकटा, जो चवथीपासून केळं म्हटलं की उठून जात होता, त्याने दोनदा मागितला. लिंबाने केळ्याची चव दबेल अशी मला भीती होती, पण उलट झालं: नुसता गोडपणा होता तिथे केळं समोर आलं.

फिगादला सासूबाई बसल्या. दोन तास त्यांनी डवली कुणाच्या हातात दिली नाही. त्यांच्या माहेरी पेडण्याला असंच काहीतरी करायचे, नाव आठवत नव्हतं, मी 'फिगाद' म्हटल्यावर त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, हेच. शेजारची ख्रिस्ती बाई शिकवून गेली होती त्यांच्या आईला. मग वेलची घालू नकोस म्हणाल्या, त्यात फक्त केळं असतं.

वड्या अजून कापल्या नाहीत. एक शंका: ताट कालपासून उघडं ठेवलंय, वरून कोरडं झालंय पण बोट दाबलं की मऊ लागतं. आज रात्रीची बस आहे. असंच कापून डब्यात भरू का?

बार्देसकार
नको, मऊ असेल तर डब्यात घाम येईल. पावसाळी हवेत दोन दिवस लागतात. आज कापा, वड्या सुट्या करून पालथ्या ठेवा आणि संध्याकाळपर्यंत पंख्याखाली राहू द्या. तरी मऊ वाटल्या तर पुन्हा टोपात घालून दहा मिनिटं ढवळून घ्या, काही बिघडत नाही. नाहीतर या खेपेला जॅमच पाठवा, फिगाद पुढच्या माणसासोबत.

फळप्रक्रिया_फोंडा
सहमत. आणि ताई, बाटल्या बसमध्ये आडव्या ठेवू नका, प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळून उभ्या. घरच्या अर्ध्या बाटलीत हवा जास्त आहे, ती मात्र फ्रीजमध्येच ठेवा.

मयेची_सून
सासूबाई म्हणतात पुन्हा ढवळायचं. टोप परत चढवलाय. सहा बाटल्या गुंडाळून पिशवीत उभ्या आहेत.