आरएसओ: चिखलावरचा उतारा की वरातीमागून घोडं?

रणगाडाप्रेमी: १९४१च्या शरदात रशियातले कच्चे रस्ते विरघळले आणि जर्मन ट्रक आसापर्यंत रुतले. त्यावर ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने काढलेला उतारा म्हणजे आरएसओ (राउपेनश्लेपर ओस्ट, म्हणजे पूर्वेसाठीचं पट्ट्यांचं ओढवाहन). पुढे ट्रकसारखी केबिन, मागे लाकडी हौदा, खाली ट्रकच्या चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे. गाडीचं पोट जमिनीपासून ५५ सेंमी वर, माल दीड टन. पट्ट्याच्या आत एका बाजूला चारच पोलादी चाकं, रबराचं नाव नाही. उलट जर्मन हाफट्रॅकची (पुढे चाकं, मागे पट्टे) पट्ट्यातली चाकं एकमेकांत गुंतवलेली. मधे चिखल भरायचा आणि रात्री गोठून दगड व्हायचा. पूर्व आघाडीवरचं जर्मनांचं सगळ्यात शहाणं वाहन हेच. टायगर रणगाड्याच्या फोटोंवर लाळ गाळणाऱ्यांनी इकडेही बघावं!

तिरकस: शहाणं? कमाल वेग ताशी १७ किमी. आणि मोठ्या संख्येने आघाडीवर यायला १९४३ उजाडलं, तोवर स्टालिनग्राड हातचं गेलेलं.

रणगाडाप्रेमी: डांबरी रस्त्यावर लाजिरवाणा वेग, कबूल. पण तुलना घोड्यांशी करा ना. रशियात शिरताना जर्मनांनी सहा लाखांच्या आसपास घोडे नेले होते. ते चिखलात किती वेगाने पळत होते?

हिमवाट: मग अमेरिकेचं एम-२९ वीझल, तेही पट्ट्यांचंच हलकं वाहन, का विसरता? नॉर्वेच्या बर्फातल्या धाडीसाठी स्टुडबेकर कंपनीने बनवलं. धाड बारगळली, गाडी राहिली. माणूस रुततो तिथून ही आरामात जाते. इवो जिमा या जपानी बेटावरच्या ज्वालामुखीच्या राखेतही चालली, आणि वेग आरएसओच्या तिप्पट.

रणगाडाप्रेमी: वीझल जेमतेम अर्धा टन नेतं. जर्मनांची रणगाडाविरोधी पाक ४० तोफ जवळपास दीड टनाची. बांधा वीझलच्या मागे आणि काय होतं ते कळवा.

तिरकस: तोफा ओढून झालं काय? मार्च १९४४मध्ये सोव्हिएत सेनापती कोनेव्हने युक्रेनमधल्या उमानवर ऐन चिखलात हल्ला चढवला. पुढे ५० सेंमी रुंद पट्ट्यांचे टी-३४ रणगाडे, मागे अमेरिकेहून आलेले स्टुडबेकर ट्रक, तेही साधे चाकांचे. जर्मन तिथे रणगाडे, तोफा, गाड्या जागीच टाकून पळाले.

रणगाडाप्रेमी: ते ट्रकही रुतत होते, साहेब. तोफगोळे गावकऱ्यांनी हातांवर, खांद्यावर वाहून नेले. त्या रस्त्यावर तुम्हाला आरएसओ दिला असता तर नको म्हणाला असतात?