मदत हवी आहे: फाशीच्या जागेजवळच्या कॅशला 'लटकंती' हे नाव चालेल का?

वाटचुकार

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून दचकला असाल तर निम्मं उत्तर मला मिळालंच म्हणायचं. तरी सगळं सांगतो.

जिओकॅशिंग इथे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं, बाकीचे फोन नाहीतर जीपीएस घेऊन तो हुडकतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून येतात. 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोन दिवसांत ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपला, तेव्हापासूनचा हा खेळ. लपवलेल्या डब्याला कॅश म्हणतात. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, हे घरच्यांना पटवायला मला वर्ष लागलं.

पाच वर्षं शोधतोय, तीनशेच्या आसपास सापडलेत. स्वतः लपवलेला एकही नाही. हा पहिलाच.

जागा म्हणजे जुन्या वेशीबाहेरचा एक उंचवटा. साधारण दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथे जाहीर फाशी देत असत. खांब वगैरे आता काही नाही. एक दगडी ओटा, एक माहितीफलक आणि मागे झाडांची रांग. परवानगी लेखी घेतली आहे, तिकडून अडचण नाही. डबा कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढा, बारीक तारेने फांदीला टांगलेला. टांगता टांगताच नाव सुचलं: 'लटकंती'. भटकंतीला लटकंती! मित्रांना सांगितलं, खो खो हसले. राखीव नावं दोन आहेत, 'गळ्याशी आलं' आणि 'मान राखा'.

वेबसाइटवर कॅशचं पान भरून पाठवलं. नव्या कॅश तपासून प्रसिद्ध करणाऱ्या रिव्ह्यूअरचं उत्तर आलं की नियमात अडवण्यासारखं काही दिसत नाही, पण नावाचा एकदा विचार करून बघा, बदलायचं नसेल तर तसं कळवा. एवढंच. ओरडले असते तर मी भांडलो असतो. हे मऊ बोलणं मात्र चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

तर मदत हवी आहे. दोनशे वर्षं पुरेशी नाहीत का? काळा विनोद अशा ठिकाणी मुळातच नको, की काही विनोद चालतात आणि काही नाही? आणि ते ठरवायचं कशावरून?

खडूस_खेकडा

चालेल. धावेल. ठेव आणि मोकळा हो.

एडिनबरामध्ये ग्रासमार्केट नावाचा चौक आहे. शहराचा फाशीचा खांब तिथे होता. त्याच चौकात आज 'द लास्ट ड्रॉप' नावाचा पब उभा आहे. ड्रॉप म्हणजे ग्लासातला शेवटचा थेंब आणि ड्रॉप म्हणजे दोरासकट खाली पडणं. पर्यटक पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. कुणाचं आभाळ कोसळलं नाही. आपल्याकडेच सगळ्यांना सगळं लागतं.

शंभर_पावलं

खेकड्याशी सहमत. तसंही फासावर गेले ते गुन्हेगारच असणार ना? संतमहात्म्यांची थोडीच थट्टा चालली आहे.

दुर्बीण

@खडूस_खेकडा, उदाहरण छान दिलंत, पण अर्धंच सांगितलंत.

त्याच चौकात दुसरा एक पब आहे, मॅगी डिक्सनच्या नावाचा. 1724 मध्ये तिला तिथे फाशी दिली. पेटी पुरायला नेत असताना आतून आवाज आला, झाकण काढलं तर बाई जिवंत. पुढे ती कित्येक वर्षं जगली आणि लोक तिला 'अर्धी फाशी गेलेली मॅगी' म्हणत. या नावावर हसायला मला काहीच वाटत नाही. गोष्टीत जिंकली कोण, तर तीच.

आता त्याच चौकातली आणखी एक गोष्ट बघा. सतराव्या शतकात धर्मासाठी फासावर गेलेल्या कव्हेनंटर नावाच्या स्कॉटिश प्रोटेस्टंटांचं स्मारक तिथे आहे. पबची पाटी उचलून त्या स्मारकाशेजारी लावली तर? पाटी तीच, शब्द तेच, चौकही तोच. पण कुणीतरी ती रात्रीतून उतरवेल, आणि उतरवणाऱ्याला मी बोल लावणार नाही.

सांगायचं हे की वर्षं मोजून काही हाती लागत नाही. हसणाऱ्याच्या समोर नेमकं कोण आहे ते बघावं. 'लास्ट ड्रॉप'मध्ये समोर दोर आहे, फळी आहे, आपल्या सगळ्यांचंच मरण आहे. माणूस नाही. 'लटकंती'त मला लोंबणारं शरीर दिसतं. तुम्हाला दिसत नसेल तर गोष्ट वेगळी.

@शंभर_पावलं, तुमच्याबद्दल सविस्तर नंतर. आत्ता हात शिवशिवतायत.

पायवाट

मी बारा-तेरा डबे लपवले आहेत, त्यातला एक दफनभूमीच्या भिंतीबाहेर. तत्त्वज्ञान दुर्बीणताईंकडे सोपवते, मी व्यवहाराचं बोलते.

पहिली गोष्ट. वाटचुकार, तुम्ही पानावर जागेचा इतिहास मन लावून लिहिला असणार, त्याचा सूर गंभीर असणार, आणि त्या मजकुराच्या डोक्यावर 'लटकंती' हे नाव तुम्हाला शोभून दिसत असणार. बाकी कुणाला ते असं दिसत नाही. नाव एकटंच फिरतं. नकाशावर बोट ठेवलं की आधी नाव दिसतं. प्रसिद्ध झाल्याचा मेल जातो त्यात नाव. शोधणाऱ्याच्या यादीत नाव कायमचं. कुणी दहा वर्षांच्या मुलीबरोबर गाडीत बसून 'आज कुठला शोधायचा' म्हणून यादी वाचत असतं तेव्हा नुसतं नावच वाचलं जातं. नंतर पान संपादित करून नाव बदलता येतं, पण गेलेले मेल परत येत नाहीत.

दुसरी. पबला दार असतं. आत जायचं की नाही हे माणूस ठरवतो. आपला खेळ त्या जागेवर बाहेरून येऊन बसतो, आणि तिथे दुसऱ्याच कामासाठी आलेल्या माणसाला ते कुणी विचारलेलं नसतं. 2016 च्या जुलैत पोकेमॉन गो या फोनवर प्राणी पकडायच्या खेळाच्या वेळी हेच झालं होतं. ऑश्वित्झचं संग्रहालय आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय, दोघांनाही जाहीरपणे सांगावं लागलं की आमच्या आवारात हे प्राणी पकडू नका. तिथे खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात वाईट नसणार. फोनमध्ये डोकं घातलं की आपण कुठे उभे आहोत ते दिसत नाही, एवढंच.

तिसरी, आणि हिच्यावर अजून कुणी कसं बोललं नाही याचं नवल वाटतं. नाव राहू दे बाजूला. तुम्ही फाशीच्या जागी झाडाला डबी *टांगली* आहे. शोधणारा येऊन ती तारेवरून उतरवणार, सही करून परत टांगणार. नाव बदलून 'शांतिवन' ठेवलंत तरी हा खेळ तोच राहतो. रिव्ह्यूअरला फोटो दाखवला होता का?

माझी सूचना: मल्टी, म्हणजे अनेक टप्प्यांची कॅश करा. पहिला टप्पा म्हणजे नुसता फलक, तिथे डबा नाही. फलकावरचे आकडे वाचायचे, त्यातून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे, आणि डबा दोनतीनशे मीटर लांब कुठल्याशा भिंतीत किंवा पुलाखाली. डब्याडब्यांत 161 मीटर अंतर ठेवायचा नियम असल्या आभासी टप्प्याला लागत नाही, तेव्हा जवळ दुसऱ्या कुणाची कॅश असली तरी फलक वापरता येईल. निव्वळ व्हर्च्युअल, म्हणजे डबाच नसलेली कॅश इथे उत्तम झाली असती, पण नव्या व्हर्च्युअल 2005 सालीच बंद झाल्या. 2017 पासून मोजक्या लोकांना ती संधी मिळाली, मागितली म्हणून मिळेलच असं नाही.

आणि एक प्रश्न. फलकावर नेमकं काय लिहिलंय?

वाटचुकार

@पायवाट, टांगण्याबद्दल वाचलं आणि कानशिलं तापली. हे मला खरंच दिसलं नव्हतं. त्या फांदीवर मी तासभर काम केलं. पानं लागून तार दिसेनाशी झाली तेव्हा स्वतःवर खूश होतो.

फलकाचं म्हणाल तर 'वाचला आहे' असं लिहायला निघालो होतो. मग लक्षात आलं की मी त्याचा फोटो काढलाय, वाचलेला नाही. रविवारी जाऊन येतो.

चकवा

फाशीवरचा विनोद म्हटलं की फ्रॉइडने दिलेलं उदाहरण आठवतं. सोमवारी सकाळी एका कैद्याला फासाकडे नेत असतात. तो म्हणतो, 'आठवड्याची सुरुवात झकास झाली!'

किती वेळा ऐकलं तरी मला हसू येतं. पण हेच वाक्य त्याला घेऊन जाणाऱ्या शिपायाने म्हटलं असतं तर? वाचूनच अंगावर काटा येतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर, आगीच्या बंबावरची माणसं एकमेकांत जे बोलतात ते बाहेर सांगण्यासारखं नसतं, पण त्यांना ते बोलायचा हक्क आहे असं मी मानतो. रोज तिथे उभं राहतात ते. आपण रविवारी सकाळी डबा शोधायला जाणारे, आपल्या गळ्याशी काय आलंय?

('गळ्याशी आलं' हे नाव तिन्हीत सगळ्यात विनोदी आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

खडूस_खेकडा

सगळे एका सुरात गायला लागले की मला उलटं बोलायची खाज सुटते, म्हणून बोलतो.

शोककळा पसरलेल्या नावांनी तरी काय साधतं? 'स्मृतिस्थळ', 'इतिहासाच्या पाऊलखुणा', 'ऐतिहासिक वारसा भाग 4'. असल्या पन्नास कॅश मी शोधल्या असतील, एकीचीही जागा आठवत नाही. सही केली, फोटो काढला, पुढे. उलट एकदा एका जुन्या तुरुंगाजवळच्या कॅशला असलंच आगाऊ नाव होतं. चिडून पान उघडलं, पूर्ण वाचलं, आणि त्या तुरुंगाबद्दल आज मला जे माहीत आहे ते त्या आगाऊ नावामुळे. गुळगुळीत आदरही एक प्रकारचा अनादरच असतो, फक्त त्याची तक्रार कुणी करत नाही.

टांगलेल्या डबीचं मात्र पायवाट म्हणतात ते खरं. ते वाईटच दिसतं. काढ ती.

दुर्बीण

खेकडेबुवा, हे मात्र पटलं. दंडवत.

वाटचुकार

जाऊन आलो.

फलकावर अकरा नावं आहेत, पुढे वय आणि गुन्हा. दोन खून, एक दरोडा. बाकी मी कल्पना केली होती तसं काही नाही. खोट्या सह्या, घरफोडी. एकाने जनावर चोरलं होतं, वय 19. @शंभर_पावलं, ते 'गुन्हेगारच' होते हे बरोबर, पण ती यादी तिथे उभं राहून वाचा आणि मग बोलू.

दुर्बीणताई म्हणाल्या तसं करून पाहिलं. फलकासमोर उभा राहून एकेक नाव वाचलं आणि प्रत्येक नावापुढे 'लटकंती' म्हटलं. मोठ्याने नाही, मनात. तिसऱ्या नावाला थांबलो.

खोटं कशाला बोलू, शब्द मला अजूनही आवडतो. कधीतरी दोर लावून चढायच्या एखाद्या कड्यावर डबा ठेवीन आणि तिथे वापरीन. इथे नाही.

डबी उतरवली. उताराच्या खाली जुनी दगडी भिंत आहे, ओट्यापासून अडीचशे मीटरवर. परवानगी ज्यांच्याकडून घेतली त्यांनाच विचारलं, हरकत नाही म्हणाले. पायवाट म्हणतात तसं मल्टी करतोय, वयांची बेरीज करून आकडे काढायचे. म्हणजे अकराच्या अकरा ओळी वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नावाला 'मान राखा' कसं वाटतं?

पायवाट

वयांची बेरीज फार छान!

'मान राखा' मला चालेल. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यात आदरच दिसेल. दुसरी मान फलक वाचल्यावर दिसेल, तीही ज्याला दिसायची त्यालाच. मुलीने गाडीत मोठ्याने वाचलं तरी कुणी गाडी थांबवणार नाही. एकच सांगते, मराठी न येणारे लोक पान यंत्राने भाषांतरित करून वाचतात, आणि यंत्र 'मान'चं काय करील याचा नेम नाही. नावाखाली पहिल्याच ओळीत साधा, सरळ इतिहास असू द्या.

दुर्बीण

मला अजून थोडं खटकतं. शब्द बदलला तरी बोट मानेवरच आहे. पण अडवणार नाही. 'लटकंती'पासून हे बरंच लांब आलं.

चकवा

मला आवडलं. हिंट काय देणार?

वाटचुकार

डबा भिंतीत अगदी पायाशी आहे. तेव्हा हिंट: 'मान खाली घाला.'

खडूस_खेकडा

वा! आता बोललास. आणि हिंट कूटलिपीत असते, स्वतःहून उघडेल त्यालाच दिसेल. पायवाटबाईंचा मेलचा मुद्दाही निकालात.

पायवाट

नाही हो. वेबसाइटवरचं ते कूट म्हणजे रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, बस. देवनागरीला ते हातच लावत नाही. मराठीत लिहिलेली हिंट पानाच्या तळाशी उघडीच पडलेली दिसते. माझ्या पहिल्या कॅशला तीन महिने तशीच होती आणि मी मात्र 'किती पटापट सापडतेय लोकांना' म्हणून हरखून गेले होते.

वाटचुकार

😀 मग रोमन लिपीत टाकतो. रिव्ह्यूअरना नवं पान आत्ताच पाठवलं.