मदत हवी आहे: जिताड्याच्या विक्रमाचा दावा कसा करतात? आणि जागा न सांगता तो करता येतो का?

खाडीकाठ:
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत गळाला जिताडा लागला. लांबी १०४ सेंमी, घेर ६४ सेंमी. २० पौंडी ब्रेड (विणीचा दोरा), ५० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (गरीजवळचा जाड दोरा), एकेरी गरी (आकडा), चाऱ्याला जिवंत बोय मासा. शिंप्याच्या टेपने मोजला, दोन फोटो काढले आणि सोडून दिला. वजन केलेलं नाही.

एवढ्यावर आयजीएफएकडे (गळाने पकडलेल्या माशांचे जागतिक विक्रम नोंदवणारी संस्था) दावा करता येईल का? नसेल तर पुढच्या वेळी काय तयारी ठेवावी? आणि मुख्य म्हणजे जागा फुटू द्यायची नाही. ग्रुपवर फोटो पडला की पहिला प्रश्न "कुठे?" हाच असतो. कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तंगूस:
या माशावर दावा होणार नाही. अंदाजे वजन काढायचं सूत्र असं: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंमीत, भागिले २८,९००. तुमचा मासा साधारण १४.७ किलो भरतो. पण हा आकडा आपल्या वहीत लिहिण्यापुरता. विक्रमाला काट्यावरचंच वजन लागतं. शिवाय टेप पोटाच्या फुगवट्यावरून फिरवली असेल तर लांबी दोन-तीन सेंमी जास्तच आली असणार. मासा सपाट फळीवर आडवा ठेवून, तोंड मिटवून, नाक टोकाच्या आडव्या पट्टीला टेकवून मोजायचा असतो.

जिताड्याचा ऑल-टॅकल, म्हणजे दोऱ्याचा वर्ग न बघता सगळ्यांत मोठ्या माशाचा, वजनाचा विक्रम ४४.६४ किलोचा आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मोंडुरान जलाशयात तो मासा मिळाला. धरणात सोडलेल्या आणि भरपूर खाद्यावर वाढलेल्या माशाशी आपल्या खाडीतल्या माशाची तुलना करू नका. दोऱ्याच्या ताकदीनुसार वेगळे वर्ग असतात, आणि लांबीचा विक्रम स्वतंत्र. दोन्हींच्या याद्या आधी बघा आणि मगच खर्चात पडा.

लांबीच्या विक्रमाला मासा जिवंत सोडावाच लागतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. मात्र त्यांची अधिकृत मोजपट्टीच लागते, घरची फळी चालत नाही.

वजनाचा दावा करायचा तर काटा प्रमाणित हवा. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आणि प्रमाणपत्र असलेला इलेक्ट्रॉनिक काटा मासळीवाल्याकडे किंवा किराणा दुकानात मिळतो. वजन जमिनीवरच करायचं, होडीत केलेलं धरत नाहीत. झोळीत घालून केलं तर रिकाम्या ओल्या झोळीचं वजन वेगळं करून वजा करा. वजन करणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही तिथेच घ्या.

दोरा टाकून देऊ नका. अर्जाला लीडर आणि त्यापुढचा ५० फूट दोरा जोडावा लागतो. पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून त्यावर गुंडाळा, म्हणजे गुंता न होता उलगडतो. फोटो चार हवेत: पूर्ण मासा, रॉड-रीळ, काटा, आणि माशासोबत तुम्ही.

गरी ५/०:
तंगूसदादांच्या यादीत एक भर. आपल्याकडे दावा हमखास बुडतो तो खडकावर. मासा लागला, खाली पाण्याजवळ उतरायचं म्हणून रॉड क्षणभर सोबत्याच्या हातात दिला, की संपलं. मासा जाळीत किंवा हातात येण्याच्या टप्प्यावर पोचेपर्यंत दुसऱ्या कोणी रॉड, रीळ, दोरा कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे गळ टाकण्याआधीच उतरायची वाट ठरवून ठेवा. चाऱ्याला ट्रेबल (तीन आकड्यांची गरी) लावलात तरी दावा बाद. ट्रेबल फक्त लुअरला (नकली आमिषाला) चालतो.

आता जागेचं. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळं तसंच जातं. लोक इथेच फसतात.

मात्र जागा फोडतो तो बहुतेक वेळा फोनपेक्षा फोटोच. मागची डोंगराची कड, पुलाचा खांब, मोबाइलचा टॉवर, जेटीचा रंग यातलं काहीही पुरतं. फोटोची वेळ कळली तर त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक काढून, खडकावरचा कालवांचा पट्टा पाण्याच्या किती वर दिसतो ते बघतात. सावलीवरून काठ पूर्वेचा की पश्चिमेचा तेही कळतं. जिथे रोज गरवतात त्या खाडीतल्या माणसाला एवढं पुरे. म्हणून मासा ओल्या ताडपत्रीवर ठेवून वरून खाली फोटो घ्या आणि पुढची अमावास्या-पौर्णिमा उलटल्यावर टाका.

चणक:
सिंधुदुर्गातून लिहितोय, आमच्याकडे जिताड्याला चणकच म्हणतात. जागा लपवण्याबद्दल थोडं वेगळं मत आहे.

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, साधारण ८० ते १०० सेंमीच्या दरम्यान. म्हणजे विक्रमाच्या मापाचा जवळजवळ प्रत्येक मासा ही मादी. पावसाळ्यात ती अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे येते. नेमका दगड जाहीर झाला की चार गळ येतील हे खरं, पण माझी काळजी कांडाळीची (पाण्यात आडवं लावतात त्या जाळ्याची) आहे. एका उधाणात आडवी कांडाळ लागली तर त्या कोंडीतल्या सगळ्या मोठ्या माद्या एकदम जातात. म्हणून दगड सांगू नये, यावर मी ठाम आहे.

पण परिस्थिती सांगायला काय हरकत? ओहोटीचे शेवटचे दोन तास, कांदळवनातून पाणी ओसरून लहान ओहोळ मोठ्या खाडीला मिळतो ती जागा, गढूळ आणि निवळ पाण्याची सीमा. बोयी आणि कोळंबी तिथूनच बाहेर पडतात आणि चणक तिथे दबा धरून असते. हे कळलं तर नवखा माणूस स्वतःच्या खाडीत स्वतःची जागा शोधेल. सगळंच दाबून ठेवलं की तो तुमच्या मागून चालत येतो.

आणि त्या जागा आपण शोधल्या असं मानू नका. कालवं काढणाऱ्या बायका आणि पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे त्या पूर्वीपासून ओळखतात. त्यांच्याशी नीट वागा.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. अर्जात ठिकाण लिहावंच लागतं ना? आणि मोठा मासा मोजेपर्यंत जिवंत कसा ठेवायचा? सोडला तेव्हा तो बराच वेळ कलंडलेला होता.

तंगूस:
ठिकाण लिहावंच लागतं आणि ते खरंच लिहायचं. खोटं लिहिलेलं उघड झालं तर विक्रम जातो आणि नावही. पण विक्रमांच्या यादीत नदी, जलाशय किंवा जवळच्या गावाचं नाव छापतात, खडकाचं नाही. खाडीचं नाव आणि जिल्हा लिहा. एवढंही सांगायचं नसेल तर दावा करू नका. तो निर्णयही चुकीचा नाही.

कलंडण्याचं कारण बहुधा हवेत गेलेला वेळ. फळी आधीच भिजवून, मोजपट्टी मांडून, फोन सोबत्याकडे देऊन तयार असा, आणि मासा तोवर पाण्यातच राहू द्या. जबड्याला धरून उभा लटकवू नका, एवढ्या वजनाने मणका आणि जबडा दोन्ही दुखावतात. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुडाशी, आडवा उचला. गालाच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, दोरा तुटतो तोही तिच्यावर घासूनच, तेव्हा बोटं तिकडे नेऊ नका. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटीला जोर येऊन तो स्वतः हातातून सुटेपर्यंत सोडू नका.