उरलेला रंग टिकवायचा कसा? पेंटर म्हणतो फेकून द्या

प्रश्न:
घराचं रंगकाम संपलं एकदाचं. हॉलचा इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) वीस लिटरच्या बादलीत अर्ध्याला थोडा कमी उरलाय, ग्रिलचा ऑइल पेंट डब्याच्या तळाशी थोडासा आहे आणि एका डब्यात पेंटरने पाणी मारून ठेवलेला इमल्शन पण आहे. तो म्हणतो सगळं फेका, पण पोरं भिंतीवर रेघोट्या मारणार, सोफा घासणार, तेव्हा टचअपला हाच शेड लागणार ना? डबा उलटा ठेवला की टिकतो म्हणतात, खरंय का?

प्रतिसाद १:
फेकू अजिबात नका. फक्त पाणी मारलेला ठेवू नका, तो लवकर नासतो, घाण वास मारायला लागतो. माळ्याच्या आतून नाहीतर कपाटामागे एक हात मारून संपवून टाका. ट्रेमधला उरलेला पण परत बादलीत ओतायचा नाही, त्यातून धूळ आणि जंतू चांगल्या रंगात जातात.
बिनपाण्याचा जो आहे तो घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिक डब्यांत काठोकाठ भरा, कारण अर्ध्या रिकाम्या बादलीत वर हवाच हवा असते आणि त्यानेच साय धरते. पत्र्याचा डबा शक्यतो नको, आतून गंजला की तांबूस कण रंगात उतरतात आणि पांढऱ्या भिंतीवर ते लगेच दिसतात. झाकण लावायच्या आधी काठावरच्या खाचेतला रंग फडक्याने नीट पुसा, तिथे वाळलेला रंग राहिला की झाकण बसल्यासारखं वाटतं पण बसत नाही.

प्रतिसाद २:
ऑइल पेंटचं गणित वेगळं. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो, म्हणून मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर हमखास वाया जाणार. छोट्या काचेच्या बाटलीत भरा, वर टर्पेंटाइनचा (ऑइल पेंट पातळ करायला वापरतात ते) पातळ थर सोडा, ढवळू नका, वापरताना ढवळायचं. गॅस आणि पोरं दोन्हीपासून लांब ठेवा.
आणि प्लीज, ऑइल पेंट पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळू द्या मगच टाका.

प्रतिसाद ३:
उलटा ठेवायचं म्हणाल तर झाकण एकदम घट्ट असेल तरच, नाहीतर सगळा रंग फरशीवर. त्यापेक्षा लेबल लावा. कंपनी, शेडचा कोड, मॅट की ग्लॉसी, कुठली खोली, तारीख. लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. डबे उन्हात नकोत आणि ओल्या फरशीवरही नकोत.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे, पाणी मारलेला आजच माळ्यावर मारतो. बाकीचा साधारण किती टिकेल?

प्रतिसाद १:
इमल्शन नीट बंद असेल तर दोनेक वर्षं आरामात. उघडल्यावर आधी वास घ्या, कुजका आला तर विषय संपला, पण तो मोरीत ओतू नका. वास ठीक असेल तर साय अख्खी उचलून काढा, तिचे तुकडे आत मिसळू देऊ नका, मग ढवळून नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून घ्या. ढवळूनही गुठळ्या राहिल्या तर तो गेला समजा. आणि तोवर भिंतीचा रंग पण उतरलेला असतो, त्यामुळे ओरखड्यावर बारीक ब्रशने टेकवलं तर खपून जातं, मोठा डाग असेल तर ती अख्खी भिंतच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारा, नाहीतर ठिगळ दिसतं.